विसरणाऱ्यांचा बुधवार

गेल्या आठवड्यात जेवताना मी एक किस्सा सांगितला. चांगला रंगवून सांगितला. आमचे हे शांतपणे भाकरी खात ऐकत होते. किस्सा संपल्यावर म्हणाले, "हा तू सोमवारीच सांगितलास. सोमवारी आजोबा नांदुऱ्याचे होते, आज मलकापूरचे झाले."

लेकीनं नुसती मान हलवली.

आता मी कोण, तर खामगावात दर बुधवारी दुपारी लोकांची स्मरणशक्ती तपासणारी डॉक्टर. तेव्हा हे सगळं लिहून ठेवलेलं बरं, असं मी ताटावरच ठरवलं.

सर्दी-तापाच्या ओपीडीत वर्षभर बसलं तरी सांगण्यासारखं एखादंच काही घडतं. ह्या बुधवारच्या ओपीडीत दर वेळी दोन तरी घडतात. आणि त्यात हसं बहुतेक वेळा पेशंटचं होत नाही, माझं होतं. नावंगावं मी बदलली आहेत. माझा गाढवपणा तेवढा जसाच्या तसा ठेवला आहे.

तर सुरुवात अशी झाली. माझं माहेर नाशिकचं. लग्न होऊन खामगावात आले त्याला बावीस वर्षं झाली, तरी मी तोंड उघडलं की पहिल्याच वाक्याला लोक ओळखतात, बाई तिकडची आहे. काही वर्षांपूर्वी मी नागपूरला तीन दिवसांच्या वर्कशॉपला गेले. विषय होता रक्तवाहिन्यांच्या आजारामुळे होणारा स्मृतिभ्रंश. म्हणजे बीपी, शुगर, तंबाखू यांमुळे मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडत जातात, मेंदूचा तेवढा तेवढा भाग मरतो, आणि माणूस विसरायला लागतो, गोंधळायला लागतो. घरचे म्हणतात, वय झालं. परत येताना मी तीस मार्कांची एक टेस्ट, एक जाड फाइल आणि प्रचंड उत्साह घेऊन आले. आल्या आल्या दवाखान्याबाहेर बोर्ड लावला : 'स्मृती तपासणी, दर बुधवारी दुपारी चार ते सहा.'

आमच्या वंदना सिस्टर वडनेर भोलजीच्या. घरची भाजीपाल्याची शेती, आणि माझ्याकडे नोकरीला अठरा वर्षं. त्यांनी बोर्ड दोनदा वाचला आणि विचारलं, "मॅडम, ज्यायले ह्याची गरज आहे, ते बुधवारपर्यंत ध्यानात ठेवतीन का?"

*

पहिली पेशंट एक आजी होत्या. सुनेनं आणलं होतं. चुलीवर दूध ठेवून विसरतात, अशी तक्रार.

टेस्टमध्ये एक प्रश्न असतो. शंभरातून सात वजा करा, मग उरलेल्यातून परत सात, असं पाच वेळा. माणसाचं लक्ष टिकतं का ते त्यातून कळतं. आजी शाळेत गेलेल्या नव्हत्या, म्हणून मी आपलं सोपं करून विचारलं, शंभरातून सात गेले तर किती उरले?

आजी म्हणाल्या, "कोनं नेले?"

मी म्हटलं, कुणी नेले नाहीत, असं आपण नुसतं धरायचं. आजींना ते पटलं नाही. कुणी नेले नाहीत तर गेले कसे, हे त्यांना आधी कळायला हवं होतं. शेवटी सुनेनं समजूत घातल्यावर त्यांनी बोटांवर मोजत त्र्याण्णव सांगितले. मी खूश झाले आणि म्हटलं, आता त्यातून आणखी सात गेले.

आजींनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या कारभाराबद्दल त्यांचं मत मला स्पष्ट दिसलं. पहिल्या सातांचा पत्ता नाही आणि ही बाई आणखी सात घालवून बसली.

तरी त्या सांगत गेल्या. श्याऐंशी. एकोणऐंशी. इथे मी जरा घुटमळले. खरं सांगायचं तर पुढचं उत्तर मलाही चटकन येत नाही, म्हणून मी कागदावर उत्तरं लिहून त्यावर तळहात ठेवलेला असतो. मी हळूच हात उचलून पाहिलं.

आजी सुनेकडे वळल्या. "हे बाई पाहून पाहून सांगून राह्यली," त्या म्हणाल्या.

*

टेस्टमध्ये तीन शब्दही असतात. ते आधी सांगायचे, मग मधे दुसरंच काही विचारायचं, आणि पाच मिनिटांनी म्हणायचं, मघाचे तीन शब्द सांगा. माझ्या फाइलमधले शब्द होते जहाज, गालिचा आणि सफरचंद. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांचा जहाजाशी आणि गालिच्याशी संबंध काय? म्हणून मी डोकं लढवून इथले शब्द घेतले : वांगं, विळा, विहीर.

महिन्याभरात निकाल इतके सुधारले की मीच चकित झाले. जो येईल तो तिन्ही शब्द धडाधड सांगत होता. मी नागपूरच्या माझ्या सरांना फोन केला आणि म्हटलं, सर, आमच्या भागातले वृद्ध शब्द फार चांगले लक्षात ठेवतात, काही खाण्यापिण्याचा संबंध असेल का? सर म्हणाले, इंटरेस्टिंग आहे, पेपर लिहा. मी लिहायला घेतला.

पुढच्या बुधवारी एक आजोबा आत आले. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार बाई. वांगं, विळा, विहीर."

मी अजून एक अक्षर बोलले नव्हते.

माझ्या खोलीला तेव्हा दार नव्हतं, पडदा होता. पडद्याबाहेर बाकडं. आत पहिल्या पेशंटला मी जे मोठ्यानं सांगायचे ते बाहेर सगळ्यांना ऐकू जायचं, आणि बाहेर बसलेले मुलगे, सुना आपापल्या म्हाताऱ्यांकडून ते पाठ करून घेत होते. पेपर महिनाभर फुटत होता आणि पेपर काढणारी मी त्यावर पेपर लिहीत होते.

सिस्टरना विचारलं तर त्यांना हे पहिल्या बुधवारपासून माहीत होतं. मी मुद्दामच असं करते, बाकड्यावर बसल्या बसल्या लोकांची प्रॅक्टिस व्हावी म्हणून, असं त्यांना वाटलेलं. मी कपाळाला हात लावला. तेव्हा त्या म्हणाल्या की बाकड्याच्या टोकाला ते चष्मेवाले बाबा बसलेत ना, त्यांनी आज हे शब्द सहा वेळा ऐकले, पोरीनं चार वेळा म्हणून घेतले, तरी त्यांना एकही येत नाही.

"बाकीच्यायले घरी पाठवा," सिस्टर म्हणाल्या. "त्यायले आत घ्या."

त्या दिवशी त्या एका बाबांनाच खरा आजार निघाला.

*

कापसाच्या जिनिंग मिलमध्ये आयुष्य घालवलेले एक आजोबा होते. मुलगा म्हणाला, काही विचारलं तर भलतंच उत्तर देतात, नाही तर नुसते हसतात. मी टेस्ट घेतली. तीसपैकी आठ.

मी मुलाला समोर बसवलं आणि वीस मिनिटं समजावलं. आजार पुढच्या टप्प्यावर आहे, घरच्यांनी मनाची तयारी ठेवायला हवी, रागावू नका, त्यांच्या कलानं घ्या. हे मी फार छान समजावते असं मला वाटतं. मुलाचे डोळे भरून आले. आजोबा आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहून हसत होते.

सिस्टरनी माझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप काढून घेतला. त्याची टोकं आजोबांच्या कानात घातली आणि दुसऱ्या टोकाशी तोंड नेऊन विचारलं, बाबा, जेवण झालं का?

"हाव, झालं," आजोबा खणखणीत आवाजात म्हणाले. "पन हे बाई मघापासून पुटपुटून काऊन राह्यली?"

परत टेस्ट घेतली. सव्वीस. जिनिंगच्या मशिनींनी त्यांचे कान नेले होते, डोकं शाबूत होतं. मुलाला आनंद व्हायला हवा होता, पण आधी तो माझ्यावर रागावला. बरोबरच होतं त्याचं. आता टेस्टच्या कागदावर सगळ्यात वर माझ्याच अक्षरात लिहिलंय : 'ऐकू येतं का?'

*

वडनेर भोलजीला आम्ही शिबिर घेतलं. देवळाच्या सभामंडपात साठ-सत्तर माणसं, बहुतेक शेतकरी. मी नाशिकच्या मराठीत अर्धा तास बोलले. रक्तवाहिन्यांचे अरुंदीकरण, रक्तपुरवठ्यातील अडथळा, मेंदूच्या पेशींची हानी. लोक फार शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, पकडलंय मी ह्यांना. मग पुढच्या रांगेतल्या एकानं सिस्टरना खुणेनं बोलावून विचारलं की मॅडम नेमकं काय म्हणून राह्यल्या.

सिस्टरनी माईक घेतला. गाव त्यांचंच. त्यांनी विचारलं, ठिबकची नळी चोंदली की काय होते?

तेवढं झाड वाळते, असं चारपाच जणांनी सांगितलं.

सिस्टर म्हणाल्या, बाकी वावर हिरवंच दिसते, लांबून पाहणाऱ्याला काही समजत नाही, पण तेवढी जागा वाळलेली असते. मग दुसरी नळी चोंदते, मग तिसरी. म्हाताऱ्याच्या डोक्यात हेच होऊन राह्यलं असते, आणि आपण म्हणतो वय झालं.

एक मिनिट लागलं. सगळा सभामंडप मान हलवत होता. मी माझा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

मग एक काकडी-टमाट्यावाले काका उभे राहिले आणि त्यांनी मला विचारलं, "नळी चोंदली तं आमी ॲसिड सोडतो. तुमी डोक्यात काय सोडता?"

ह्या प्रश्नाचं उत्तर नागपूरच्या तीन दिवसांत कुणी दिलं नव्हतं. मी खरं ते सांगितलं. चोंदलेली नळी आम्हाला मोकळी करता येत नाही. ज्या चालू आहेत त्या चोंदू नयेत म्हणून बीपीची गोळी रोज, शुगर ताब्यात आणि तंबाखू बंद.  म्हणजे फिल्टर साफ ठेवायचं म्हणता, असं म्हणून काका खाली बसले. जाताना खिशातली तंबाखूची पुडी त्यांनी सिस्टरच्या हातात दिली. माझ्या नाही.

पुढे अकोल्याला डॉक्टरांसमोर भाषण होतं, तिथे मी ठिबकचं हे उदाहरण दिलं. टाळ्या पडल्या. एका तरुण डॉक्टरनं विचारलं, मॅडम, हे तुम्हाला सुचलं कसं?

मी म्हटलं, अनुभव.

*

आता जरा गंभीर. हा किस्सा सांगताना मला अजूनही लाज वाटते.

शेगावचे एक टेलर होते. सत्तरीचे. मुलगा त्यांना घेऊन यायचा, बरोबर त्यांची बायको. मुलगा कामाचा माणूस, फोन सतत हातात. मी त्याला विचारायचे, हे कधीपासून आहे? तो म्हणायचा, हळूहळूच झालं मॅडम, वयामुळे. मी फाइलमध्ये लिहायचे, 'हळूहळू वाढत गेलेला'. स्मृतिभ्रंशाचे प्रकार असतात आणि हळूहळू वाढणारा वेगळा असतो, रक्तवाहिन्यांचा वेगळा. त्यामुळे मी त्या हळूहळू वाढणाऱ्या प्रकारच्या गोळ्या देऊन बसले. असं तीन वेळा झालं. बायको कोपऱ्यातल्या स्टुलावर मांडीवर पिशवी घेऊन बसलेली असायची.

तिसऱ्या वेळी मुलगा फोन घ्यायला बाहेर गेला. नुसतं गप्प कसं बसायचं म्हणून मी काकूंना विचारलं की तुमच्या मते हे केव्हा सुरू झालं?

काकूंनी आधी दाराकडे पाहिलं. "मले विचारता का?" म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. आदल्या दिवसापर्यंत हे मशीनवर होते, एक झबलं शिवून दिलं होतं. त्या सकाळी मशीनवर बसले, पाय पायट्यावर ठेवला आणि तसेच बसून राहिले. सुईत दोरा कसा घालायचा ते समजेना. त्यानंतर दोन महिने होते तसेच, ना कमी ना जास्त. मग दिवाळीच्या आधीचा शनिवार. अंघोळ करून आले, शर्ट उलटा घातला, आणि दिवसभर डावा पाय ओढत चालले. संध्याकाळी पाय बरा झाला म्हणून कुणी मनावर घेतलं नाही, पण त्या दिवसापासून बटनं लावता येईनात. परत थांबलं. मग संक्रांत. देवळातून घरी यायची रोजची वाट, चाळीस वर्षांची, ती चुकली.

"हळूहळू नाई बाई," काकू म्हणाल्या. "जिना उतरल्यावानी. एक पायरी उतरले, थांबले. मंग एक पायरी."

माझ्या पुस्तकात ह्या आजाराचं जे चित्र आहे ना, ते जिन्याचंच आहे. नागपूरला पहिल्याच दिवशी पडद्यावर दाखवलेलं. तीन महिने ते चित्र माझ्यासमोर स्टुलावर बसून होतं आणि मी फोनवाल्या मुलाला प्रश्न विचारत होते.

मी त्यांना विचारलं, काकू, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं? त्या रागावल्या नाहीत, टोमणाही मारला नाही. साधेपणानं म्हणाल्या की तुम्ही पोराला विचारून राह्यल्या होत्या, मला वाटलं डॉक्टर आहेत, समजत असेल त्यांना.

अकोल्याला एमआरआय केला. लहान लहान झटक्यांच्या जुन्या खुणा, एक नाही, कितीतरी. मग कळलं की डोकं दुखत नाही म्हणून बीपीच्या गोळ्या त्यांनी वर्षापूर्वीच बंद केल्या होत्या. तेही मी विचारलं नव्हतं. गोळ्या बदलल्या, बीपी ताब्यात आलं. त्याला दोन वर्षं झाली. गेलेलं परत आलं नाही, पण त्यानंतर ते पायरी उतरलेले नाहीत. काकू सुईत दोरा ओवून देतात आणि ते शेजारपाजारच्या साड्यांना फॉल लावतात. टाके अजून एकसारखे पडतात.

दर वेळी आत आल्यावर काकू स्टूल ओढून पुढे घेतात आणि मला विचारतात, "आज कोनाले विचारता?"

*

गावात ज्याच्या रागाला सगळे घाबरतात असा एक तरी माणूस असतो. तसे एक मोठे जमीनदार होते. घरचे त्यांना घेऊन आले ते बीपी दाखवायला. सून आनंदानं सांगत होती की वर्षभरापासून मामंजी एकदम शांत झालेत. कुणावर ओरडत नाहीत, वाढलं ते खातात, बसवलं तिथे बसतात. महाराजांची कृपा झाली म्हणून सगळे शेगावला दर्शनालाही जाऊन आले होते.

मला शंका आली. मी त्यांच्याशी बोलले. ते फक्त हो आणि नाही म्हणत होते. वावरात जाणं बंद, पेपर वाचणं बंद, नातवाचं नावही घेत नव्हते. स्कॅनमध्ये मेंदूच्या पुढच्या भागात, मला शंका होती तेच नुकसान दिसलं. मी सगळ्या कुटुंबाला समोर बसवून ऐटीत सांगितलं की ही शांतता म्हणजे आजार आहे, आणि कृपा समजून बसला असता तर हातचा वेळ गेला असता. आपण कसं बरोबर पकडलं ह्याचं मला फार कौतुक वाटत होतं.

 मग जमीनदारांच्या बायकोनं मुलांना आणि सुनेला बाहेर जायला सांगितलं. दार लागल्यावर त्यांनी मला विचारलं, हे बरं होते का? मी म्हटलं, पूर्ण नाही, पण औषधानं थोडे बोलायला-चालायला लागतील.

त्यांनी पदर नीट केला. "मंग राहू द्या," त्या म्हणाल्या. "घरात ताटं आदळून नाई राह्यले, त्याले आता कुठे वर्ष झालं."

 मी टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडे ठेवला. सिस्टर त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. हातावर हात ठेवून सांगितलं की मावशी, ही गोळी रागाची नाही. ही नाही दिली तर उद्या मोठा झटका येईल, अर्धं अंग जाईल, आणि मग रोज त्यांना कुशीवर तुम्हालाच वळवावं लागेल.  मावशींनी चिठ्ठी घेतली.

तीन महिन्यांनी एकट्याच आल्या. म्हणाल्या, काल ह्यांनी ताट सरकवलं. भाजीत मीठ नाही म्हणाले. इतके शब्द वर्षात बोलले नव्हते. त्या तक्रार करत होत्या की बातमी देत होत्या हे मला काही केल्या कळेना. मी भीतभीतच विचारलं, मग औषध बंद करायचं का?

"नाई," त्या म्हणाल्या. "मीठ खरंच नव्हतं."

*

एका बुधवारी पेशंट कमी होते. मी सिस्टरना म्हटलं, तुम्हीही टेस्ट घ्यायला शिका, माझी घ्या. त्यांनी अगदी कडक घेतली. सातांच्या वजाबाकीला माझा हात टेबलाखाली ठेवायला लावला. आकृती पाहून काढायची होती, ती माझी तिरकी आली. तीन शब्दांपैकी एक मी चुकीचा सांगितला, कारण मला आधीच्या पेपरातला आठवला.

तीसपैकी पंचवीस.

मी म्हटलं, सिस्टर, हे माझ्या फाइलला लावू नका. त्यांनी लावलं नाही. पण कागदाच्या खाली त्यांनी मीच शिकवल्याप्रमाणे शेरा लिहिला होता : 'सहा महिन्यांनी परत बोलावणे. सोबत नातेवाईक आणणे.'

*

नांदुऱ्याकडच्या एका गावातले आजोबा. ऐंशीच्या घरात. त्यांच्याबरोबर नेहमी आजी यायच्या, नाव पंचफुला. हे नाव मला फाइलवरून कळलं. आजोबा त्यांना नुसतं 'अवं' म्हणायचे.

पहिल्या वेळी मी आजोबांना विचारलं होतं, ह्या कोण? ते म्हणाले, हे आमच्या घरचे. मी विचारलं, नाव काय? आजोबांनी खिडकीबाहेर पाहिलं. परत विचारलं, तरी खिडकीबाहेरच. मी मार्क कापला आणि लिहिलं, 'पत्नीचे नाव आठवत नाही'. सिस्टरनी माझ्या हातातून पेन घेऊन ते खोडलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की त्यांच्या पिढीत बायकोचं नाव घेत नाहीत.

आजींनी ते ऐकलं आणि हसल्या. लग्नातसुद्धा घेतलं नाही, म्हणाल्या. बायांनी लय आग्रह केला तर हे मांडवातून उठून गेले. त्याला चोपन्न वर्षं झाली, आता काऊन घेतील.

दोन वर्षं ते येत राहिले. बीपी आम्ही सांभाळलं, तरी मधे एक झटका आला, मग आणखी एक. गेल्या उन्हाळ्यात मुलगा त्यांना व्हीलचेअरवर घेऊन आला. आजी शेजारी पाण्याची बाटली धरून. मी सवयीनं विचारलं, बाबा, ह्या कोण?

आजोबांनी आजींकडे निरखून पाहिलं.

"नाई ओळखलं," ते म्हणाले. "भल्या घरची बाई दिसते. मघापासून मायासाठी पानी धरून बसली."

आजींनी मान खाली घातली. मी स्वतःला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या. हा प्रश्न आजींना बाहेर बसवून विचारता आला असता, एवढी साधी गोष्ट मला इतक्या वर्षांत सुचू नये? विषय बदलायचा म्हणून घाईघाईनं तोंडात येईल ते विचारलं, बाबा, घरी कोण असतं?

आजोबा एकदम अस्वस्थ झाले. खुर्चीच्या दांड्यांना धरून उठायला लागले. मुलानं खांद्याला धरलं तर त्याचा हात झटकला.

"मले जाऊ द्या बाई," ते म्हणाले. "घरी पंचफुला एकटी हाय. मी गेल्याबिगर ते जेवत नाई."

सिस्टर लिहायच्या थांबल्या. मुलगा बापाकडे पाहतच राहिला. आजींनी पदर तोंडावर घेतला. त्या रडतायत असं वाटून मी टेबलावरून पुढे वाकले.

आजींनी पदर काढला. बाटली खाली ठेवली, खुर्ची व्हीलचेअरला अगदी चिकटवून घेतली, आणि हळू आवाजात मला म्हणाल्या,

"बाई, अजून एक डाव विचारा ना त्यायले, घरी कोन हाय म्हणून."